आकडे तेच, निकाल उलटा

सोलापुरात कुस्ती कुणाला समजावून सांगायला नको. महाराष्ट्र केसरीला माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा. दोन्हींचे विजेते शेवटी समोरासमोर येतात. आखाडा बदलला की त्याच पैलवानाचा डाव कमी-जास्त चालतो. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधल्या बॅलन्सचंही तसंच आहे.

आपण हिशोबच करू या. योद्ध्याची हेल्थ 500, डॅमेज सेकंदाला 50. तिरंदाजाची हेल्थ 200, डॅमेज 80. जवळून भिडले, तर योद्धा 4 सेकंदांत जिंकतो. तिरंदाजाला सव्वासहा लागतात. आता तिरंदाज लांबून बाण सोडतोय आणि योद्ध्याला पोचायलाच 3 सेकंद लागतात. योद्ध्याचे झाले 7, तिरंदाज जिंकला. तेच अंतर 2 सेकंदांत कापलं, तर 6, योद्धा जिंकला. फरक फक्त एका सेकंदाचा!

म्हणूनच गेम बनवणारे धावण्याचा वेग जरासा बदलतात आणि कुणीतरी महिनोन्‌महिने घडवलेली बिल्ड एका अपडेटमध्ये निकामी होते. 2005 साली आलेल्या ‘गिल्ड वॉर्स’ने पुढे काही स्किल्सचे नियम खेळाडूंविरुद्ध वेगळे आणि राक्षसांविरुद्ध वेगळे केले, ते यासाठीच.

तेव्हा बिल्ड निवडताना आपण आधी विचारू या: आखाडा कोणता?