पाहुण्याइतकी ऊब, चिमूटभर उजेड

भारनियमनाच्या दिवसांत मेणबत्ती सापडली की काडेपेटी सापडायची नाही. तेव्हा नाइलाजाने पेटणारी ही मेणबत्ती आता चार मित्रमंडळी जेवायला येणार म्हटलं की हौसेने टेबलावर येते. दिवे मालवले जातात, मधोमध तीन-चार ज्योती लागतात आणि एरवी मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारी मंडळी चक्क एकमेकांकडे बघून बोलू लागतात. गंमत अशी, की दिवा म्हणून मेणबत्ती अगदीच कुचकामी आहे. जेवणाच्या टेबलावर तिचा हाच अवगुण कामी येतो.

आधी हिशेब पाहू. नेहमीच्या मेणबत्तीत तासाला साधारण 6 ते 7 ग्रॅम मेण जळतं. त्यातून सुमारे 80 वॅट ऊर्जा बाहेर पडते, पण उजेड मिळतो तो जेमतेम 12-13 ल्युमेन. 9 वॅटचा साधा एलईडी बल्ब 800 ल्युमेनच्या पुढे जातो. म्हणजे मेणबत्तीची जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे 100 वॅट उष्णता बाहेर पडत असते. थोडक्यात, टेबलावर लावलेली प्रत्येक मेणबत्ती म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने जवळपास एक जादा पाहुणाच. डिसेंबरात पुण्यात हे खपून जातं; मे महिन्यात मुंबईच्या बंद खोलीत सहा ज्योती लावल्या तर यजमानासकट सगळे घामाघूम होतात.

एवढा थोडा का होईना, उजेड येतो कुठून? मेण घनरूपात जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेने ते वितळतं, समईच्या वातीत तेल चढतं तसंच वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1860-61च्या नाताळात मुलांसमोर नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. वातीभोवतीच्या काळसर भागात काचेची नळी धरून त्यांनी ही वाफ बाहेर काढली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाशी ती पेटवून दाखवली.

हे घरीही पाहता येतं. मेणबत्ती विझवा. वातीतून पांढरट धुराची रेघ वर जाईल. तो धूर म्हणजे थंड होऊन थिजलेली मेणाची वाफ. जळती काडी वातीपासून इंचभर वर, त्या धुरात धरा. ज्योत धुरावरून खाली उडी घेते आणि वात पुन्हा पेटते.

आता एक जुना स्टीलचा चमचा ज्योतीच्या पिवळ्या भागात दोन-तीन सेकंद धरा. त्यावर काळी पुटं चढतील. ही काजळी, म्हणजे कार्बनचे बारीक कण, हाच मेणबत्तीचा दिवा. ज्योतीच्या मुळाशी हवा भरपूर मिळते, ज्वलन चांगलं होतं आणि रंग निळा दिसतो. तिथून उजेड फारसा मिळत नाही. वरच्या भागात न जळलेले कार्बनचे कण हजार अंशांहून अधिक तापून पिवळे चमकतात आणि ज्योतीच्या कडेला पोचल्यावर जळून जातात.

या उजेडाचं रंगतापमान साधारण 1900 केल्विन असतं. त्यात लाल-पिवळा भरपूर, निळा नावापुरता. त्यामुळे चेहऱ्यावरचे डाग, डोळ्यांखालची वर्तुळं मवाळ दिसतात. टोमॅटोचं सार, तांबडा रस्सा, सोलकढी खुलून दिसतात. हिरवी चटणी मात्र मळकट वाटते आणि गडद निळी साडी काळी. संध्याकाळी झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, रोखून धरण्यात निळ्या प्रकाशाचा वाटा मोठा असतो. तो इथे अगदी कमी, म्हणून शरीराला रात्र झाल्याची वर्दी नीट पोचते.

दुसरी करामत अंतराची. मेणबत्तीपासून एक मीटरवर सुमारे 1 लक्स प्रकाश पडतो. अंतर निम्मं केलं तर तो चौपट होतो, तिप्पट केलं तर एक नवमांश उरतो. टेबलाशी अर्ध्या मीटरवर बसलेल्याच्या चेहऱ्यावर 4 लक्स, तर तीन मीटरवरच्या भिंतीवर लक्सचा फक्त एक नवमांश. भिंतीवरची ओल, कोपऱ्यातला इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, सगळं अंधारात जातं आणि उरतात फक्त चेहरे. त्यासाठी ज्योत नजरेच्या पातळीखाली हवी. डोळ्यांसमोर आली तर दिपवते आणि समोरचा माणूस दिसत नाही.

4 लक्स गप्पांना पुरतात, माशाचे काटे काढायला पुरत नाहीत. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, भिंगही पिवळसर होतं. विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर जवळपास एक तृतीयांश प्रकाश पोचतो. पाहुण्यांत आजी-आजोबा असतील आणि बेत काटेरी मासळीचा असेल, तर हौस बाजूला ठेवून एक दिवा चालू ठेवावा.

आपल्याकडे मेणबत्तीचा खरा वैरी म्हणजे पंखा. वारा लागला की ज्योत हेलकावते, काजळीचे कण पुरते जळायच्या आधीच निसटतात आणि धूर होतो. पंखा मंद ठेवा किंवा वरून उघडी असलेली उंच काच ज्योतीभोवती ठेवा. वात लांब झाली तरी धूर होतोच; पेटवण्याआधी ती पाव इंच ठेवून कापा. चांगल्या मेणबत्तीची वात विणलेली असते. ती जळताना वाकते, टोक ज्योतीच्या कडेला हवेत येतं आणि आपोआप जळून जातं. ही युक्ती 1820च्या दशकात फ्रान्समध्ये निघाली. त्याआधी कात्री घेऊन सतत वाती छाटाव्या लागत.

सुगंधी मेणबत्ती जेवणाच्या टेबलावर नको. चवीचा मोठा हिस्सा वासाचा असतो; लॅव्हेंडरच्या वासात मसालेभाताचं काही खरं नाही. खिडकी थोडी उघडी असू द्या, कारण ज्योतही पाहुण्यांसारखाच प्राणवायू घेते. विझवताना फुंकर मारू नका, नाहीतर मेणाचा वास पानापानावर पसरतो. चमच्याने वात क्षणभर वितळलेल्या मेणात बुडवून पुन्हा उभी करा. धूर अजिबात होत नाही आणि पुढच्या वेळी ती लगेच पेटते. आणि हे काम पाहुणे उठल्या उठल्या करा. दाराशी निरोपाच्या गप्पा आपल्याकडे अर्धा तास चालतात. तेवढा वेळ पेटती ज्योत एकटी सोडायची नसते.