घिरट्या घालताना

उन्हाळ्यात भर दुपारी लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचे ट्रॅक्टर लागलेले असतात, तेव्हा जरा वर पाहा. चार-पाच घारी पंख न हलवता घिरट्या घालत वर चढताना दिसतील. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा झोत उठतो, त्याला थर्मल म्हणतात. घार त्यावर फुकटात चढते आणि ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमानही तसेच चढते. पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये वर्षानुवर्षे ग्लायडर विंचने, म्हणजे लांब तार भराभर गुंडाळून, वर चढवले गेले. तार सुटली की पुढची उंची हवेतूनच मिळवायची.

अडचण इथेच आहे. वर नेणारी हवा सर्वांनाच हवी आणि झोत अरुंद. एवढे आकाश मोकळे असून ग्लायडर नेमके एकाच ठिकाणी गोळा होतात.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन मोठी विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे गेली. त्यानंतर आपल्याकडे प्रवासी विमानांना टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले. ग्लायडरचा भरवसा मात्र मुख्यतः डोळ्यांवरच. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ‘फ्लार्म’ नावाची इशारा देणारी छोटी पेटी निघाली, पण ती समोरच्याकडेही असावी लागते. घारीच्या गळ्यात ती कोण बांधणार?

ताशी १०० किलोमीटर वेगाची दोन ग्लायडर समोरासमोर आली, तर अंतर सेकंदाला ५५ मीटरने घटते. दिसणे, ओळखणे, ठरवणे आणि वळणे यात दहा-बारा सेकंद सहज जातात. म्हणजे सहाशे मीटरवरच दिसायला हवे. आणि समोरून ग्लायडर म्हणजे नुसती एक पांढरी रेघ!

याहून फसवी गोष्ट अशी, की जे विमान काचेवर सरकताना दिसते ते बहुधा धडकत नाही. जे एकाच जागी ठिपक्यासारखे चिकटून मोठे होत जाते, तेच आपल्यावर येत असते. आपला डोळा हलणारी वस्तू चटकन टिपतो, स्थिर ठिपका नेमका निसटतो. म्हणून नजर गरगर फिरवायची नाही. आकाशाचा एकेक तुकडा घेऊन तिथे क्षणभर थांबायचे. निरभ्र आकाशात डोळे आपोआप जवळच्या अंतरावर स्थिरावतात, तेव्हा मधूनमधून लांबचा डोंगर पाहायचा. लासलगावकरांना चांदवडचे डोंगर आहेतच.

थर्मलमध्ये पहिला ज्या बाजूने फिरतो, त्याच बाजूने सर्वांनी फिरायचे. नव्याने बाहेरून, कुणाला न अडवता शिरायचे. समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळायचे, आपल्या रस्त्यावरच्या सवयीच्या अगदी उलट. सर्वांत वाईट म्हणजे एकावर एक येणे. वरच्याला पोटाखालचे दिसत नाही आणि खालच्याला डोक्यामागचे. शेजारी नजरेआड झाला, तर ‘असेल इथेच कुठेतरी’ म्हणत फिरत राहायचे नाही. कष्टाने मिळवलेली उंची सोडणे जिवावर येते, तरी थर्मल सोडून बाजूला व्हायचे. तेही आधी बाहेरची बाजू नीट पाहून, मगच.