ठिकाणं मोजू नका, खोरं धरा : भोर-वेल्ह्यात आपलं आपण फिरताना

आजच्या विषयाला आम्ही 'स्वतंत्र प्रवास' असं नाव दिलं आहे. स्वतंत्र म्हणजे एकट्याने, असा त्याचा अर्थ नाही. चौघांनी मिळून केलेला प्रवासही स्वतंत्र असू शकतो. उलट एकट्याने गाडी काढून, मोबाइलवर आलेली दहा ठिकाणांची यादी संपवून परत येणारा माणूस त्या यादीच्या तंत्रानेच चाललेला असतो. कुठे जायचं, किती थांबायचं, कोणाशी बोलायचं, कधी माघारी फिरायचं हे आपलं आपण ठरवायचं आणि त्याची जबाबदारीही आपणच घ्यायची, एवढाच या शब्दाचा अर्थ आपण आज घेऊ.

उदाहरणासाठी आपण आपलेच दोन तालुके घेणार आहोत, भोर आणि वेल्हे. वेल्ह्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, पण बोलताना अजून वेल्हेच तोंडात येतं. पुण्याहून भोर साधारण पन्नास किलोमीटर. हे जवळ असणंच प्रवासाच्या मुळावर येतं. 'सकाळी निघू, संध्याकाळी परत' असं म्हणत माणसं येतात. एका दिवसात एक गड, एक धबधबा, एक देऊळ आणि एक धरण उरकतात. रात्री घरी पोचल्यावर विचारलं, काय पाहिलंत? तर आठवते ती पार्किंगची जागा आणि गर्दी. आमचं म्हणणं एवढंच आहे की इथे फिरायचं असेल तर ठिकाण हे माप सोडा आणि खोरं हे माप धरा.

खोरं म्हणजे काय

मावळ म्हणजे नुसता डोंगराळ भाग नव्हे. एका नदीचं खोरं म्हणजे साधारण एक मावळ, आणि त्या खोऱ्याचा कारभार पाहणारं एक देशमुखांचं घराणं, अशी ही जुनी रचना होती. नीरेकाठचं हिरडस मावळ बांदलांचं. रोहिडा किल्ल्याच्या सावलीतलं रोहिड खोरं कारीच्या जेध्यांचं. पलीकडे राजगडाच्या पायथ्याचं गुंजण मावळ आणि तोरण्याखालचं कानद खोरं. शिवाजी महाराजांनी माणसं जोडली ती याच खोऱ्याखोऱ्यांतून. कान्होजी जेधे आणि बाजीप्रभू देशपांडे ही नावं आपल्याला पाठ असतात, पण ती कोणत्या पाण्याकाठची, हे नकाशावर दाखवता येत नाही. खोरं धरून फिरलं की ते आपोआप कळतं.

दुसरा फायदा व्यवहाराचा आहे. रस्ता नदीकाठाने जातो, एसटी त्या रस्त्याने जाते, गावं त्या रस्त्यावर असतात आणि गड त्यांच्या डोक्यावर. एक खोरं निवडलं की सगळ्या गोष्टी एका दोरीत येतात. समजा, तुमच्याकडे दोन दिवस आहेत. भोरला उतरा. पंतसचिवांचा राजवाडा बाहेरून तरी पाहा आणि आत जायला परवानगी लागते का, ते तिथेच विचारा. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झालं. तोवर या गावाला राजधानीचा थाट होता आणि तो जुन्या आळ्यांमधून चालताना अजून जाणवतो. मग आंबवड्याला जा. तिथे नागेश्वराचं देऊळ आहे, संस्थानकाळातला झुलता पूल आहे आणि कान्होजी जेध्यांची समाधी आहे. त्याच बाजूने पुढे रायरेश्वराचं पठार आणि केंजळगड. सोळाशे पंचेचाळीसच्या सुमारास स्वराज्याची शपथ रायरेश्वरी घेतली, अशी परंपरा आहे. पण त्या पठारावर आजही माणसं राहतात, शेती करतात, हे तिथे गेल्याशिवाय लक्षात येत नाही. दोन दिवसांत तुम्ही तीन-चारच जागा पाहिल्यात, पण त्या एकमेकींना जोडलेल्या पाहिल्यात.

एसटीने गेलात तर

गाडी वाईट, असं आम्ही म्हणणार नाही. पण स्वतःची गाडी नेली की जिथे ती उभी केली तिथेच परत यावं लागतं. एसटीने गेलेला माणूस एका खोऱ्यात चढतो आणि दुसऱ्या खोऱ्यात उतरतो. राजगडच बघा. गुंजवण्यातून चोरदरवाजाने चढता येतं, पालीच्या बाजूने राजमार्गाने उतरता येतं. अळू दरवाजाने उतरलं तर भुतोंड्याकडे, म्हणजे भाटघर धरणाच्या पाण्याकडे जाता येतं. पायथ्याची तीन गावं आणि गडाची तीन रूपं. गाडीवाल्याला यांतलं एकच मिळतं.

त्यासाठी थोडी तयारी लागते. भोरसाठी स्वारगेटहून कापूरहोळ मार्गे, वेल्ह्यासाठी चेलाडी-नसरापूर मार्गे जायचं. जाण्याची गाडी ठरवण्याआधी परतीची ठरवा. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारा, मग कंडक्टरला विचारा, आणि गावात उतरल्यावर तिथल्या दुकानदाराला पुन्हा विचारा. तिघांचं उत्तर जुळलं तर गाडी आहे, असं समजायचं. आडगावांना दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात. काही गावांत मुक्कामी गाडी असते, म्हणजे संध्याकाळी येते, रात्री गावातच थांबते आणि पहाटे निघते. मुक्कामी प्रवाशाला ही गाडी फार सोयीची. शिवाय वडाप आहेच, पण संध्याकाळी उशिरा त्याच्या भरवशावर राहू नका. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे. आईला, आजीला बरोबर घ्यायला एवढं कारण पुरे.

कोणत्या दिवसांत काय

पावसाळ्यात सगळे येतात, पण पावसाळा म्हणजे फक्त धबधबा नव्हे. आषाढात खाचरांमध्ये भातलावणी चालू असते. बांधावरून चालताना एका ओळीत चाला, बांध तुटला तर खाचरातलं पाणी जातं आणि ते पाणी म्हणजे त्या घरचं वर्षाचं धान्य असतं. फोटोसाठी चिखलात उतरू नका, तिथे कोणीतरी सकाळपासून वाकून रोपं लावलेली असतात. वरंध घाटाने महाडला उतरायचं मनात असेल तर आधी प्रशासनाची सूचना पाहा, दरडींमुळे तो रस्ता पावसाळ्यात बंद ठेवला जातो.

पाऊस ओसरल्यापासून थंडी संपेपर्यंतचे दिवस गडांसाठी उत्तम. तोरणा १४०३ मीटर उंच, त्याला प्रचंडगड म्हणतात ते उगाच नाही. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे धारेने चालत जाता येतं, पण तो पूर्ण दिवसाचा पल्ला आहे आणि वाटेत पाण्याचा भरवसा नाही. पहिल्याच फेरीत तो करू नये. केळदजवळचा मढे घाट, सिंगापूर-मोहरीकडची कोकणात उतरणारी वाट, रायलिंग पठारावरून समोर दिसणारा लिंगाणा, हे सगळं स्वच्छ हवेत पाहावं.

उन्हाळा लोक टाळतात. पण धरणाचं पाणी खाली जातं तेव्हा भाटघरच्या पोटातून कांबरेश्वराचं देऊळ वर येतं. एरवी ते पाण्याखाली असतं. सकाळी लवकर जा, उन्हाच्या आत परत या.

एक गड सावकाश

गडावर गेल्यावर 'किती वेळात चढलो' हे सांगण्यात अर्थ नाही. राजगडासाठी अख्खा दिवस ठेवा आणि जाण्याआधी चार तारखा माहीत करून घ्या. सईबाईंचं निधन १६५९ मध्ये इथे झालं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, पण राजगड राहिला. १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्म इथलाच. आणि १६७४ चा राज्याभिषेक मात्र रायगडावर झाला. मग पद्मावती माचीवर उभं राहून एकच प्रश्न विचारा : इतकी वर्षं एवढी माणसं इथे राहिली, तर पाणी कुठून आणत होती? टाकी आणि तळी शोधत फिरा. सुवेळा माचीकडे जाताना नेढं लागेल, बालेकिल्ल्यावरून तिन्ही माच्या दिसतील. एक प्रश्न धरून पाहिलेला गड विसरत नाही.

मुक्काम शक्यतो पायथ्याच्या गावात करावा. गडावर राहण्याचे नियम बदलत असतात, आणि गावात राहिलं तर पैसा गावात राहतो. गडावर धूर करू नका, अत्तर लावून जाऊ नका. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, आणि एकाने केलेल्या धुराचा त्रास शंभर जणांना होतो.

जेवण आणि बोलणं

पायथ्याच्या गावांत घरगुती जेवण मिळतं. झुणका-भाकरी, ठेचा, भात. आदल्या दिवशी फोन करून माणसं किती, ते सांगा. दहा जण न सांगता दारात उभे राहिले तर त्या मावशींनी काय करावं? आणि सांगितल्यावर गेला नाहीत, तर रांधलेलं वाया जातं. भावात घासाघीस नको. निघताना शेतकऱ्याकडूनच पाच किलो इंद्रायणी घ्या, फ्रीजवरच्या चुंबकापेक्षा ती आठवण जास्त दिवस पुरते.

बोलणं कसं सुरू करायचं, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. आधी आपण कोण, ते सांगा. 'कुठलं गाव?' असं तुम्हाला विचारलं जाईलच. 'पुणे' म्हणून थांबू नका, मूळ गाव सांगा, तिथून गप्पांना सुरुवात होते. 'इथे बघण्यासारखं काय आहे?' या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं. त्याऐवजी 'काका, ही वाट कुठं जाते?', 'तुमची सोयरीक कोणत्या खोऱ्यात?', 'धरणाआधी गाव कुठं होतं?' असं विचारा. फोटो विचारून काढा. नको म्हणाले तर नको.

धरणाचा प्रश्न

हा शेवटचा प्रश्न आम्ही मुद्दाम घातला आहे. भाटघरचं धरण १९२८ चं, वेळवंडी नदीवरचं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं. पानशेतचं पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळाला येतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्याचं काय झालं, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते धरण बांधताना वेल्ह्यातली कोणती शेतं पाण्याखाली गेली, हे फारसं कोणी विचारत नाही. म्हणजे पुण्याहून इथे येणारा माणूस तसा परका नाहीच. तो रोज इथलंच पाणी पितो. त्यामुळे त्याने इथे पाहुण्यासारखं नव्हे, देणेकऱ्यासारखं वागावं, असं आम्हाला वाटतं. आपला कचरा आपल्या पिशवीतून परत न्यावा, हा त्यातला सगळ्यात छोटा हप्ता.

आणि त्या पाण्यात उतरू नका. वरून ते शांत दिसतं. खाली गाळ असतो, बुडालेली झाडं असतात, जुन्या नदीचं पात्र एकदम खोल होतं. पोहता येणारेही इथे बुडाले आहेत. शोधायला पाण्यात उतरतात ती गावातलीच पोरं, हेही लक्षात असू द्या. गावकरी 'उतरू नका' म्हणाले की तो विषय तिथे संपला. निघताना घरी कोणाला तरी कोणत्या खोऱ्यात जातोय आणि कोणत्या गाडीने परततोय, ते सांगून ठेवा. दरीत रेंज नसते. रेंज असेल तिथे अडचणीत ११२ लावा.

तर मंडळी, पुढच्या सुट्टीसाठी एवढंच करा. नकाशा उघडा, एका नदीवर बोट ठेवा आणि ती जिथे उगम पावते तिथपर्यंत मागे जा. नीरा निवडलीत तर बोट वरंध घाटाजवळ शिरगावला पोचेल. वाटेतल्या गावांची नावं कागदावर लिहा. त्यांतल्या एका गावात एक रात्र राहा. यादीतली बाकीची ठिकाणं राहिली तर राहू द्या, स्वारगेटहून भोरची गाडी पुन्हा मिळते.

आता प्रश्न असतील तर घेऊ.