करिअर मार्गदर्शन : यंत्र चुकू नये म्हणून, माणूस चुकू नये म्हणून

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घरोघरी डॉक्टर, इंजिनिअर की नर्सिंग, याची चर्चा सुरू होते. या तिन्ही क्षेत्रांना जोडणारा एक व्यवसाय मात्र आपल्याकडे अजून फारसा परिचित नाही. वापरणाऱ्याच्या हातून चूक होऊ नये अशा रीतीने वैद्यकीय उपकरण घडविणे, हे त्याचे कार्य. त्यास यूजेबिलिटी इंजिनिअरिंग, म्हणजेच उपयोगसुलभता अभियांत्रिकी, असे म्हणतात.

हे कार्य किती मोलाचे आहे, ते एका दुर्घटनेवरून ध्यानात येईल. 'थेरॅक-२५' हे कॅनडात बनलेले, कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र होते. मार्च १९८६ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात, टायलर येथे, ते चालविणाऱ्या महिलेने 'ई' ऐवजी 'एक्स' हे अक्षर दाबले. चूक लक्षात येताच तिने ती दुरुस्तही केली. परंतु दुरुस्ती इतक्या झटपट झाली की संगणकप्रणालीतील दोषामुळे यंत्राची मांडणी चुकीचीच राहिली. पडद्यावर केवळ 'मालफंक्शन ५४' एवढेच उमटले. असे संदेश वरचेवर येत आणि वापरणाऱ्याच्या पुस्तिकेत त्यांचा खुलासा नव्हता. तिने उपचार पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली आणि रुग्णावर किरणांचा दुसऱ्यांदा प्रचंड मारा झाला. पाच महिन्यांनी तो मरण पावला. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्रामुळे असे सहा अपघात घडले.

अशा प्रसंगी चालविणाऱ्याला दोष देणे सोपे असते. परंतु थकलेला, घाईत असलेला माणूस चुकणारच, हे गृहीत धरून यंत्राची रचना करावी, हा या शास्त्राचा पाया आहे.

त्यासाठी हे अभियंते प्रथम रुग्णालयात जाऊन परिचारिका आणि तंत्रज्ञ यांचे काम जवळून न्याहाळतात. सलाईनमधून औषध सोडणाऱ्या पंपावर १.० ऐवजी १० हा आकडा पडला तर काय होईल, अशा संभाव्य चुकांची ते यादी करतात. मग कच्चे नमुने वापरून पाहिले जातात, त्रुटी काढल्या जातात आणि शेवटी प्रत्यक्षासारख्या वातावरणात अंतिम चाचणी होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेनुसार अशा चाचणीत प्रत्येक वापरकर्तागटातील किमान १५ व्यक्ती असाव्यात. 'आयईसी ६२३६६' हे आंतरराष्ट्रीय मानक २००७ मध्ये आले व २०१५ मध्ये त्याची नवी मांडणी झाली. भारतातही वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत.

या क्षेत्राची दारे अनेक आहेत. बायोमेडिकल किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंग, डिझाईन, मानसशास्त्र यांपैकी कोणत्याही वाटेने येथे येता येते. पवई येथील आयआयटी मुंबईत डिझाईनचे शिक्षण १९६९ पासून दिले जाते. तेथील पदवी अभ्यासक्रमासाठी 'यूसीड' ही प्रवेशपरीक्षा असून ती बारावीच्या कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना देता येते. पदव्युत्तर शिक्षणासाठी 'सीड' ही परीक्षा आहे.

ज्या भगिनी परिचारिका म्हणून काम करीत आहेत, त्यांचा अनुभव येथे फार उपयोगी आहे. रात्रपाळीत कोणता गजर ऐकू येत नाही, हातमोजे घातल्यावर कोणते बटण दाबता येत नाही, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? पालकांनी आपल्या मुलामुलींना या वाटेची ओळख जरूर करून द्यावी. पडद्यावरचा एक स्पष्ट शब्दही कोणाचा तरी जीव वाचवू शकतो.