गुपित एकाचं, भुर्दंड दुसऱ्याला

पुण्यातल्या मुलींना सुपरहिरोचा पोशाख वेगळा शिवून घ्यावा लागत नाही. स्कार्फ, गॉगल, सनकोट, हातमोजे, वर हेल्मेट. एवढा बंदोबस्त करून मी वारजे माळवाडीतून कर्वेनगरला गाडीवर जाते आणि मी घरी पोहोचायच्या आत आईला खबर मिळालेली असते, 'तुमची लेक आज मागे कुणाला तरी बसवून चालली होती!' आरशाला लटकवलेल्या छोट्या माकडावरून ओळखलं म्हणे.

आता मला सांगा, आमच्या सोसायटीच्या काकू माकडावरून माणूस ओळखतात, तर क्लार्क केंट नुसता चष्मा लावून इतकी वर्षं सुटतो कसा? १९३८ सालापासून तो हेच करतोय. चष्मा काढला की सुपरमॅन, लावला की बातमीदार. आपला शक्तिमान बघा. १९९७ मध्ये दूरदर्शनवर आला, त्याचा गंगाधर म्हणजे चष्मा आणि पुढे आलेले दात. गीता विश्वास त्याच पेपरात, स्वतः पत्रकार, आणि समोर कोण उभंय ते तिला कळत नाही. (जाता जाता : क्लार्क पेपरात, गंगाधर पेपरात, पीटर पार्करही फोटो विकायला पेपरातच. मी सध्या एका पेपरात इंटर्न आहे. अजून कुणी उडताना दिसलेलं नाही, चहाची वेळ सोडून.)

पण हसून झाल्यावर नीट विचार केला की वाटतं, चष्म्याची आयडिया तितकीशी बावळट नाहीये. आपण चेहरा कमी बघतो आणि 'हा कोण असू शकतो' हे आधीच ठरवून टाकतो. काकूंना माझी खोडी काढायचीच असते, म्हणून त्यांना माकड दिसतं. गंगाधरकडे मात्र कुणी धड बघतच नाही. 'शहेनशाह'मध्ये (१९८८) अमिताभ दिवसा लाच खाणारा इन्स्पेक्टर असतो, रात्रीच्या शहेनशाहचा संशय त्याच्यावर कोण घेणार? मराठीतही निखिल महाजनने २०१५ मध्ये 'बाजी' काढला होता. त्यातला श्रेयस तळपदेचा साधाभोळा चिदविलास याच जातकुळीतला. तो पिक्चर थेटरात किती जणांनी पाहिला माहीत नाही, पण मराठी सुपरहिरो म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी एकदा तरी बघावा.

आणि मुळात ही आयडिया अमेरिकेची आहे, असं कुणी म्हटलं तर त्याला विराटपर्व वाचायला द्या. पाच पांडव आणि द्रौपदी. एक वर्षाचा अज्ञातवास. ओळखले गेले तर पुन्हा बारा वर्षं वनवास. युधिष्ठिर होतो कंक, भीम होतो बल्लव नावाचा आचारी, अर्जुन होतो नाच शिकवणारी बृहन्नडा आणि द्रौपदी राणीची सैरंध्री. शस्त्रं शमीच्या झाडावर. पुढे अर्जुन उत्तरासमोर स्वतःची खरी ओळख सांगतो, तेव्हा तो पोरगा विश्वास ठेवत नाही. म्हणतो, अर्जुनाची दहा नावं सांग. ओटीपी मागितल्यासारखं! शाळेत हा प्रसंग मला फार आवडायचा.

हल्ली मात्र त्याच्या आधीचा प्रसंग जास्त छळतो. कीचक भर सभेत द्रौपदीला लाथ मारतो. तिथे कंक बसलेला आहे. बल्लवही आहे. भीमाची नजर झाडाकडे जाते, आता तो ते उपटणार. तेवढ्यात युधिष्ठिर त्याला म्हणतो की आचाऱ्या, सरपण हवं असेल तर बाहेरून तोडून आण. म्हणजे गप्प बस, आपण ओळखले जाऊ. आणि द्रौपदीलाही तो आत जायला सांगतो. हिशोबाने त्याचं बरोबर आहे हो. सहा जणांची बारा वर्षं पणाला लागलेली आहेत. पण गुपित सगळ्यांचं आणि लाथ एकटीला! ती रात्री स्वयंपाकघरात जाऊन भीमाला उठवते, तेव्हा कुठे कीचकाचा निकाल लागतो.

मला वाटतं, सीक्रेट आयडेंटिटीच्या प्रत्येक गोष्टीत अशी एक द्रौपदी असते. हिरो म्हणतो, 'माझ्या माणसांना धोका नको म्हणून मी लपतोय.' पण धोका त्याच माणसांना होतो, आणि तो कशामुळे हे त्यांना माहीतही नसतं. ग्रीन गॉब्लिनला पीटरचं गुपित कळलं आणि १९७३ च्या अंकात जीव गेला ग्वेन स्टेसीचा. बरं, उघड सांगून टाकलं तर? २००६ मध्ये 'सिव्हिल वॉर'च्या कॉमिक्समध्ये पीटरने कॅमेऱ्यांसमोर मास्क काढला, आणि पुढे गोळी लागली मे काकूला. क्लार्कने लोइसला खरं सांगितलं ते १९९१ साली, तेही साखरपुडा झाल्यानंतर. अहो, आमच्याकडे कांदेपोहे खातानाच पगाराची स्लिप मागतात!

हे झालं कथांमधलं. पुण्यात खरोखर असं जगलेला माणूस आहे आणि गरवारे कॉलेजपासून नवी पेठेत जाताना आपण त्याच्याच नावाच्या पुलावरून जातो. एस. एम. जोशी. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले, तेव्हा मौलवीचा वेश घेऊन 'इमाम अली' या नावाने वावरत होते. इथे चष्मा लावून भागणार नव्हतं. बोलणं, बसणं-उठणं, नमाजाची वेळ, सगळं सांभाळायचं. आणि अशा माणसाला जो घरात घेतो, जेवू घालतो, त्याच्याकडे तर दुसरं नावही नसतं. पोलीस आले तर तो आपल्या खऱ्या नावानिशी सापडणार. एस. एम. यांनी पुढे आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव 'मी एस. एम.' ते नाव मला आता वेगळंच ऐकू येतं.

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण माझी एक मैत्रीण. ती वारज्यातलीच. तिच्या परवानगीने लिहितेय, ओळखू येऊ नये म्हणून दोन-तीन तपशील बदललेत आणि तिच्या घरी हा पेपर येत नाही याची आधी खात्री करून घेतलीय. ती मराठीत रॅप करते. तोंडावर काळा मास्क, नाव भलतंच, आणि शब्द असे की ऐकणाऱ्याने खुर्ची सोडावी. घरी माहितीये की ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, संध्याकाळी अभ्यासिकेत असते. तसं ते अर्धं खरंही आहे, आठवड्यातले चार दिवस ती तिथेच असते. उरलेल्या दिवशीही आई डबा भरून देते. तो डबा आम्ही ओपन माइकच्या बाहेर, पार्किंगमध्ये बसून खातो. मेथीची भाजी असली की तिला पोळी गिळवत नाही. 'अभ्यासिकेची फी भरायला तिने भिशी लवकर उचलली,' एवढंच म्हणते.

मी तिला सारखं सांगायचे, निदान आईला सांग. 'टेन्शन येईल तिला,' हे तिचं ठरलेलं उत्तर. पीटर पार्करचंही हेच असतं.

दिवाळीच्या आधी कळलं की काकूंना सगळं माहीत होतं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी तो व्हिडिओ टाकला होता. 'ही पोरगी बघा, काय तोंड आहे!' असं लिहून. काकूंनी आवाज ओळखला. मास्क कसला घेऊन बसलात, पोटच्या पोरीचा आवाज आहे तो! पण त्या तीन महिने काही बोलल्या नाहीत. डबा भरत राहिल्या. मग एकदा रात्री भांडी घासताना म्हणाल्या, 'त्यात बापाबद्दल जे म्हटलंयस, ते यांना ऐकवू नकोस एवढ्यात.'

मैत्रिणीच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरलं. ती आता मोकळी हसते, नवीन गाणंही लिहितेय.

परवा मी तिच्याकडे गेले होते. ती घरी नव्हती, कुठे होती ते मला माहीत होतं. काका पेपर बाजूला ठेवून म्हणाले, 'अजून आली नाही ही? कुठंय?'

'अभ्यासिकेत,' काकू म्हणाल्या. गवार मोडत होत्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.