मरून फाइव्ह

मरून फाइव्ह हा अमेरिकेतील लॉस एंजेलस शहरातील एक पॉप रॉक बँड आहे. ब्रेंटवूड स्कूल या शाळेतील चार मित्रांनी १९९४ मध्ये 'काराज फ्लॉवर्स' या नावाने त्याची स्थापना केली. त्या नावाने बँडला यश मिळाले नाही. २००१ मध्ये पाचवा सदस्य आल्यानंतर त्याने मरून फाइव्ह हे नाव धारण केले आणि 'साँग्ज अबाउट जेन' (२००२) या गीतसंग्रहामुळे तो जगभर परिचित झाला. (मराठीत 'बँड' म्हटले की लग्नाच्या वरातीतील वाजंत्री डोळ्यांपुढे येतात. येथे मात्र स्वतःची गाणी स्वतः रचून, गिटार, ढोल व कळफलक यांच्या साथीने ती गाणारा छोटा गट अभिप्रेत आहे.)

काराज फ्लॉवर्स

ॲडम लव्हीन (गायन व गिटार), जेसी कारमायकल (गिटार), मिकी मॅडन (बेस गिटार) आणि रायन ड्युसिक (ढोल) हे बँडचे संस्थापक. ड्युसिक इतरांपेक्षा वयाने थोडे मोठे होते. सर्वांना आवडणाऱ्या कारा नावाच्या एका मुलीवरून बँडचे नाव ठेवले गेले, असे सांगितले जाते. मालिबू येथील समुद्रकिनाऱ्यावरच्या एका मेजवानीत ही मुले वाजवत असताना एका स्वतंत्र निर्मात्याने त्यांना ऐकले आणि त्यातून ध्वनिमुद्रणाचा मार्ग खुला झाला.

पुढे रिप्राइज रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीने त्यांच्याशी करार केला. निर्माते म्हणून लाभले ते रॉब कॅव्हॅलो. 'ग्रीन डे' या बँडच्या 'डूकी' या अतिशय गाजलेल्या संग्रहाची निर्मिती त्यांनीच केली होती. 'द फोर्थ वर्ल्ड' हा काराज फ्लॉवर्सचा संग्रह ऑगस्ट १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. 'बेव्हर्ली हिल्स, ९०२१०' या लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेतही बँड झळकला. एवढे पाठबळ असूनही संग्रहाच्या जेमतेम ५,००० प्रती खपल्या. गिटारप्रधान, उसळत्या चालींची ती गाणी वाईट नव्हती. पण त्या प्रकारचे बँड तेव्हा अमेरिकेत उदंड होते आणि या मुलांचा स्वतःचा असा सूर अजून लागलेला नव्हता. १९९९ मध्ये रिप्राइजशी असलेला संबंध संपला.

न्यूयॉर्कमधील सत्र

बँड मोडला नाही, मात्र त्याचे सदस्य पांगले. ड्युसिक व मॅडन लॉस एंजेलसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकू लागले. लव्हीन व कारमायकल न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवरच्या फाइव्ह टाउन्स कॉलेज या संगीतशिक्षण देणाऱ्या महाविद्यालयात दाखल झाले. तेथे ते एकच सत्र राहिले, तरी बँडच्या इतिहासात या सत्राला पहिल्या संग्रहाहूनही अधिक महत्त्व द्यावे लागते. वसतिगृहात त्यांच्या कानांवर गॉस्पेल, हिप-हॉप आणि ऱ्हिदम अँड ब्लूज हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे संगीत सतत पडत असे. लॉस एंजेलसच्या श्रीमंत वस्तीतील शाळेत वाढलेल्या या तरुणांना त्याचा इतका निकट सहवास पूर्वी घडला नव्हता.

याचे परिणाम ठळक होते. लव्हीन यांच्या गायनात स्टीव्ही वंडर यांच्या शैलीकडे झुकणारी लवचीकता आली आणि त्यांचा उंच पट्टीतील आवाज बँडची ओळख ठरला. कारमायकल गिटार सोडून कळफलकाकडे वळले. चालींमध्ये पाय ठेका धरतील अशी फंक संगीताची लय शिरली. चौघे लॉस एंजेलसला पुन्हा एकत्र आले, तेव्हा माणसे तीच असली तरी संगीत पार बदलले होते.

नामांतर आणि 'साँग्ज अबाउट जेन'

कारमायकल कळफलकावर गेल्याने गिटारवादकाची जागा रिकामी झाली. २००१ मध्ये नेब्रास्का राज्यातील लिंकनचे जेम्स व्हॅलेंटाइन या जागी आले. शाळेच्या वर्तुळाबाहेरचे ते पहिले सदस्य. याच सुमारास नाव बदलले. त्याचा अर्थ मात्र बँडने आजवर उघड केलेला नाही.

नवा करार झाला तो ऑक्टोन रेकॉर्ड्स या लहानशा, नव्याने निघालेल्या कंपनीशी. निर्माते मॅट वॉलेस यांच्यासह तयार झालेला 'साँग्ज अबाउट जेन' २५ जून २००२ रोजी प्रसिद्ध झाला. त्यातील बरीच गाणी लव्हीन यांच्या तुटलेल्या प्रेमसंबंधावर आहेत आणि शीर्षकातील जेन हे त्या तरुणीचे नाव. 'हार्डर टू ब्रीद' या गाण्यातील त्रागा मात्र प्रेयसीवरचा नाही. संग्रह पूर्ण झाला असे बँडला वाटत असताना कंपनी आणखी गाण्यांचा आग्रह धरत होती. त्या चिडीतून ते लिहिले गेले. गंमत अशी की संग्रहातून सर्वप्रथम पुढे आणले गेले ते हेच गाणे.

संग्रहाला यश फार सावकाश मिळाले. मोठ्या कंपन्या काही आठवड्यांत खप न झाल्यास पुढच्या कलाकाराकडे वळत. ऑक्टोनने तसे केले नाही. बँड गावोगावी कार्यक्रम करत राहिला, २००३ मध्ये जॉन मेयर यांच्या दौऱ्यातही त्याने वाजवले, आणि 'हार्डर टू ब्रीद' नभोवाणीवर हळूहळू वर चढत त्या वर्षाच्या अखेरीस बिलबोर्ड या नियतकालिकाच्या 'हॉट हंड्रेड' यादीत १८व्या क्रमांकावर पोहोचले. त्यानंतरची 'धिस लव्ह' आणि 'शी विल बी लव्हड' ही दोन्ही गाणी पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. संग्रह अमेरिकेतील पहिल्या दहांत आला तो २००४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे प्रकाशनानंतर तब्बल दोन वर्षांनी. जगभरात त्याच्या १ कोटीहून अधिक प्रती खपल्या.

फेब्रुवारी २००५ मध्ये बँडला सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच गटात कान्ये वेस्ट यांचेही नामांकन होते. चार मित्रांना एकत्र वाजवायला लागून तोवर दहा वर्षे उलटली होती, हे पाहता 'नवोदित' हे विशेषण जरा विनोदीच म्हणावे लागेल.

रायन ड्युसिक यांची निवृत्ती

या यशाची किंमत ढोलवादकाला मोजावी लागली. ड्युसिक लहानपणी बेसबॉल खेळत आणि चेंडू फेकून फेकून त्यांचा खांदा आधीच दुखावलेला होता. वर्षानुवर्षे अखंड चाललेल्या दौऱ्यांत खांदा व मनगट यांनी दगा दिला. २००४ मध्ये, म्हणजे गाणी सर्वांच्या ओठांवर असतानाच, त्यांना वाजवणे अशक्य होऊ लागले आणि मंचावर त्यांच्या जागी दुसरे वादक बसू लागले. सप्टेंबर २००६ मध्ये त्यांनी अधिकृतपणे बँड सोडला. मॅट फ्लिन कायमचे सदस्य झाले. त्यानंतरची मद्यासक्ती आणि तिच्यातून झालेली सुटका यांविषयी ड्युसिक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात लिहिले आहे. त्याचे शीर्षकही 'हार्डर टू ब्रीद' असेच आहे. पुढे त्यांनी मानसोपचाराचा व्यवसाय स्वीकारला.

नंतरची वाटचाल

'इट वोंट बी सून बिफोर लाँग' (२००७) हा दुसरा संग्रह अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर आला. त्यातील 'मेक्स मी वंडर' हे गाणे हॉट हंड्रेड यादीत एका आठवड्यात ६४व्या स्थानावरून पहिल्या स्थानी गेले. तोवर यादीत एवढी मोठी उडी कोणी घेतली नव्हती. गाणे आधी केवळ नभोवाणीच्या बळावर यादीत होते आणि त्याची आंतरजालावरील विक्री नंतर सुरू झाली, हे त्यामागचे कारण.

तिसरा संग्रह 'हँड्स ऑल ओव्हर' (२०१०) फारसा चालला नाही. २०११ मध्ये लव्हीन 'द व्हॉइस' या गायनस्पर्धेत परीक्षक झाले आणि त्याच मंचावर क्रिस्टिना ॲग्विलेरा यांच्यासह गायलेले 'मूव्हज लाइक जॅगर' जगभर गाजले. ते लव्हीन यांनी बाहेरच्या गीतकारांच्या मदतीने लिहिले होते. येथून पुढे बाहेरच्या गीतकार-निर्मात्यांचा वाटा वाढत गेला, खप वाढला, आणि पाच जणांनी एका खोलीत बसून वाजवल्याचा 'साँग्ज अबाउट जेन'मधील प्रत्यय मात्र ओसरला. जुन्या श्रोत्यांची ही तक्रार अगदीच निराधार नाही.

बँडचे व्यवस्थापक जॉर्डन फेल्डस्टीन हे लव्हीन यांचे बालमित्र होते. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ रचलेले 'मेमरीज' (२०१९) हे गाणे योहान पाखेलबेल यांच्या सतराव्या शतकातील 'कॅनन' या रचनेच्या स्वरक्रमावर आधारलेले असून हॉट हंड्रेड यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. २०२१ च्या 'जॉर्डी' या संग्रहाचे नावही त्यांच्यावरूनच आहे.

मिकी मॅडन यांनी २०२० मध्ये बँड सोडला. मूळ चौघांपैकी त्यानंतर लव्हीन व कारमायकल हे दोघेच बँडमध्ये उरले. कारमायकल यांनीही २०१२ ते २०१४ या काळात संगीताच्या अभ्यासासाठी रजा घेतली होती. भारतातील बँडचा पहिला कार्यक्रम ३ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर झाला.