ज्येष्ठा : नावाने थोरली, वयाने धाकटी

ज्येष्ठा नक्षत्र मराठी घरात येते ते गौरींच्या वाटेने. भाद्रपदात अनुराधावर गौरी आणायच्या, ज्येष्ठावर पुजायच्या आणि मूळावर त्यांची पाठवणी करायची. ही तिन्ही नक्षत्रे वृश्चिक तारकासमूहातली. अनुराधा विंचवाच्या डोक्याशी, ज्येष्ठा काळजात, मूळ नांगीत. म्हणजे घरात सण चालू असतो तेव्हा चंद्र विंचवाच्या डोक्याकडून शेपटीकडे चाललेला असतो. सणाला आकाशाचा इतका थेट आधार असूनही ज्येष्ठाच्या लाल ताऱ्याविषयी आपल्या समजुती मात्र भलत्याच आहेत.

पहिली समजूत महिन्याची. ज्येष्ठ महिन्यात सूर्य ज्येष्ठा नक्षत्रात असतो, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तेव्हा सूर्य आकाशाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, रोहिणी-मृगाकडे असतो. महिन्याचे नाव पडले आहे ते पौर्णिमेच्या चंद्रावरून. ज्येष्ठातला पूर्ण चंद्र या ताऱ्याच्या आसपास उगवतो. सूर्य ज्येष्ठात जातो तो डिसेंबरच्या सुरुवातीला, आणि तेव्हा हा तारा दिसतच नाही.

दुसरी समजूत वयाची. ज्येष्ठा म्हणजे थोरली, तेव्हा तारा म्हातारा असणार! सूर्याचे वय सुमारे 460 कोटी वर्षे. ज्येष्ठाचे जेमतेम एक-दीड कोटी. तरी सूर्य अजून मध्यमवयात आहे आणि ज्येष्ठा अखेरच्या टप्प्यात. जड तारे आपले इंधन भराभर जाळतात, म्हणून त्यांचे आयुष्य तोकडे असते. ज्येष्ठाच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला आणि तिचे बाहेरचे थर फुगत गेले. ताऱ्याच्या या अवस्थेला तांबडा महाराक्षस म्हणतात.

फुगले आहेत तरी किती? सूर्याच्या जागी ज्येष्ठा ठेवली तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ तिच्या पोटात जातील, आणि तिचा काठ लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत पोहोचेल. तिची त्रिज्या सूर्याच्या जवळजवळ सातशेपट आहे. इथेच लोक फसतात. एवढे धूड म्हणजे वजनही कोट्यवधी सूर्यांचे असेल, असे त्यांना वाटते. वस्तुमान आहे सूर्याच्या सुमारे बारापट, बस्स. बारा सूर्यांचा ऐवज तेहतीस-चौतीस कोटी सूर्यांच्या जागेत पसरला, तर सरासरी घनता आपण श्वासात घेतो त्या हवेच्याही हजारो पटींनी कमी भरते. गाभा घट्ट आहे, पण बाहेरचा प्रचंड विस्तार विरळ वायूचा. ताऱ्यांच्या आकारांची तुलना करणारी जी चित्रे मोबाईलवर फिरतात, त्यांत ज्येष्ठा हटकून शेवटच्या भल्यामोठ्या गोळ्याच्या रूपात येते. चित्रातला आकार ठीक आहे, पण ती विश्वातला सर्वांत मोठा तारा नाही. तिच्याहून मोठे तारे आपल्या आकाशगंगेतच सापडले आहेत.

लाल म्हणजे तापलेला, ही चुलीवरून आलेली समजूत. ताऱ्यांत लाल रंग थंडपणाची खूण आहे. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण 5,500 अंश सेल्सियस, तर ज्येष्ठाचे 3,400 च्या आसपास. याचा पुरावा तिच्या शेजारीच आहे. 1819 साली चंद्राने ज्येष्ठाला झाकले, तेव्हा व्हिएन्नाच्या योहान ब्यूर्ग यांना तिचा एक मंद जोडीदार दिसला. तो निळसर पांढरा आहे, आणि ज्येष्ठाहून कितीतरी जास्त तापलेला. 2017 मध्ये चिलीतल्या पारानाल वेधशाळेच्या दुर्बिणी एकत्र वापरून खगोलशास्त्रज्ञांनी ज्येष्ठाच्या पृष्ठभागाचे चित्र मिळवले आणि तिथल्या वायूच्या हालचालींचा नकाशाही काढला. सूर्य सोडला तर कुठल्याही ताऱ्याचा असा नकाशा त्याआधी निघाला नव्हता.

लाल रंगाने सगळ्यांचेच लक्ष वेधले, अर्थ मात्र ज्याने त्याने आपापला लावला. ग्रीकांनी तिला अँटारेस म्हटले, म्हणजे मंगळाचा प्रतिस्पर्धी. मंगळ जवळून जातो तेव्हा दोघांत गल्लत होते, हे खरेच आहे. अरबांनी विंचवाचे काळीज म्हटले. तैत्तिरीय संहितेच्या नक्षत्रयादीत ज्येष्ठाच्या जागी चक्क दुसरी रोहिणीच येते. दोन्ही तारे लाल, आणि एक मावळताना दुसरा उगवणारा. चिनी लोक तिला ‘दा हुओ’, मोठा अग्नी, म्हणत. हा अग्नी संध्याकाळी पश्चिमेकडे कलू लागला की उन्हाळा ओसरला, असा त्यांचा हिशेब होता. ‘शिजिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहात हा उल्लेख आहे, पण अग्नीचे नाव ऐकून आजचे कित्येक चिनी लोकही त्याचा अर्थ कडक ऊन असाच घेतात. न्यूझीलंडच्या माओरींसाठी मात्र हाच तारा, रेहुआ, खरोखर उन्हाळ्याचा. तिथे डिसेंबरात उन्हाळा असतो आणि त्याच सुमारास रेहुआ पहाटे दिसू लागतो.

ज्येष्ठा सुमारे 550 प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे तिचा आज दिसणारा प्रकाश तितक्या वर्षांपूर्वी निघालेला, म्हणून ‘ती केव्हाच मेली असेल’ असे सांगणारेही भेटतात. तिचा स्फोट होणार हे नक्की, पण ताऱ्याच्या आयुष्यात पाचशे वर्षे म्हणजे काहीच नाही. ती आजही आहे असेच धरून चालावे. आणि उद्या फुटली तरी इतक्या अंतरावरून पृथ्वीला धोका नाही.

उरली ती पत्रिकेतली समजूत : ज्येष्ठा नक्षत्रावर जन्मलेली मुलगी थोरल्या दिराला वाईट. चंद्र प्रत्येक नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, तेव्हा सत्तावीस मुलींमागे एकीचा जन्म ज्येष्ठावर होणारच. भारतात अशा दोन-अडीच कोटी स्त्रिया निघतील. गौरी पुजायला जे नक्षत्र चालते, ते सुनेच्या पत्रिकेत का चालू नये? या कारणावरून स्थळ नाकारू नका.